डक्टची चावी कुणाकडे?

मुक्ता दिवाळीनंतर कोथरूडहून पुनावळ्याला राहायला जाते आहे. बाविसाव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. इमारतीला दोन वर्षं झाली, पण सोसायटीची नोंदणी रखडलेली. कारभार अजून बिल्डरच्या ऑफिसातूनच चालतो. तिचं निम्मं काम घरून, नवऱ्याच्या मीटिंगा रात्री अमेरिकेशी. त्यामुळे गॅसच्या आधी इंटरनेट, असं घरात ठरलेलं. सल्ला घ्यायला म्हणून ती मामांकडे आली, पण खरं तर ठरवूनच आली होती. मामा टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून चिकटले आणि बीएसएनएलमधून निवृत्त झाले. नेटच्या बाबतीत कुणी आधीच ठरवून आलं की त्यांना चेव येतो.

मुक्ता : मामा, मी मोठ्या कंपनीचं घेतेय. १०० एमबीपीएस, बिल ॲपवर, तक्रार ॲपवर. शेजारच्या इमारतीत एका केबलवाल्याचं नेट आहे, तोही भेटला. २०० देतो म्हणाला, तेही स्वस्तात. पण पावतीचं विचारलं की म्हणतो, 'देऊ ना ताई, कुठं पळून चाललोय.' असल्या माणसाच्या भरवशावर नोकरी करायची?

मामा : पळून जात नाही, हेच तर महत्त्वाचं. नेट गेलं की तुझ्या दारात कोण येणार, ते आधी सांग.

मुक्ता : कंपनीचा माणूस.

मामा : नाव काय त्याचं?

मुक्ता : नाव कशाला हवं? तक्रार नोंदवली की नंबर मिळतो. त्या नंबरावर माणूस येतो.

मामा : येतो तो बहुतेक वेळा कंत्राटदाराकडचा पोरगा असतो. आज तुझ्याकडे, उद्या वाकडला, परवा दुसऱ्याच कंपनीचा शर्ट घालून तिसरीकडे. तुमच्या इमारतीतला जॉइंट कुठल्या मजल्यावर आहे, इथपासून त्याची सुरुवात. केबलवाला ते झोपेतसुद्धा सांगेल. आमच्या वेळी फोन डेड झाला की लोक १९८ फिरवायचे आणि तेवढ्यावर न थांबता लाइनमनला चहाच्या टपरीवर गाठायचे. काम कशानं व्हायचं, विचार.

मुक्ता : टपरीवर गाठल्यानं. आणि ज्यांना टपरी माहीत नव्हती त्यांनी काय करायचं? पुनावळ्यात मी तशीच असणार आहे. तुझी पद्धत ओळखीवर चालते, आणि तिथं मला कुत्रंही ओळखत नाही. तक्रारीचा नंबर हा अनोळखी माणसाचा हक्क आहे, मामा.

मामा : हक्काचं नंतर बघू. दोघांची वायर काचेची की तांब्याची?

मुक्ता : दोघंही फायबर म्हणतात.

मामा : म्हणणारच. फायबर कुठपर्यंत, ते विचारायचं. काही ठिकाणी काचेची तार थेट घरात येते. घरात जो डबा बसवतात, ओएनटी, त्याच्या पाठीत तिचं हिरवं किंवा निळं टोक खोचलेलं दिसतं. काही ठिकाणी फायबर फक्त गच्चीपर्यंत असतं. तिथं पत्र्याच्या पेटीत स्विच, आणि स्विचपासून तुझ्यापर्यंत साधी लॅन केबल. ती तांब्याची, तिची मजल १०० मीटर. आणि त्या पेटीला वीज लागते. तुमचा जनरेटर लिफ्टला आणि जिन्यातल्या दिव्यांना असेल, पण पेटी त्यावर आहे का? नसेल तर घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही. पंखा फिरतोय, राउटर चालू आणि नेट गायब.

मुक्ता : आणि काच घरात आली तर?

मामा : तर वाटेत बहुधा विजेवर चालणारं काहीच नसतं. एक्स्चेंजकडून आलेला एक धागा स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. स्प्लिटर म्हणजे नुसती काच, त्याला वीज नको. मग तुझ्या ओएनटीला आणि राउटरला एक छोटा यूपीएस लावला की लाइट गेली तरी मीटिंग चालू.

मुक्ता : एक धागा ३२ घरांत, म्हणजे वेगही वाटला जाणार की.

मामा : एका टाकीवरचे ३२ नळ. पण टाकी लहान नाही. घरोघरी जे जीपॉन असतं ते खाली येताना जवळजवळ अडीच गिगाबिट देतं, वर जाताना सव्वा. आणि सगळे नळ एकदम पूर्ण सोडले जात नाहीत. तुंबतं ते बहुधा पुढं. कंपनीनं बाहेरच्या जगाशी जोडणारी जी लाइन घेतलेली असते, ती गिऱ्हाइकं वाढतात तशी वाढवली नाही की संध्याकाळी सगळं रांगायला लागतं. दूरसंचार नियामक ट्रायनं २००६ मध्येच नियम केला होता, की गर्दीच्या वेळीही ती लाइन ८० टक्क्यांच्या आतच वापरात असायला हवी.

मुक्ता : बघ, शेवटी नियमावरच आलास! केबलवाल्याची लाइन किती भरली आहे, ते कोण मोजणार?

मामा : तू. रात्री नऊ वाजता. शेजारच्या इमारतीत त्याचं गिऱ्हाईक असलेलं एखादं घर गाठ, आणि तुझ्या मोठ्या कंपनीचं नेट असलेलं तुमच्याच इमारतीतलं एक. दोन्हीकडे लॅपटॉप वायरनं राउटरला जोड, वेग बघ, आणि मग पाच मिनिटं नुसता पिंग चालू ठेव. दुपारी बारा वाजता सगळ्यांचंच नेट गुणी असतं.

मुक्ता : हे मात्र पटलं. वेगाच्या आकड्याचं तसंही फार कौतुक नको. नेटफ्लिक्स फोर-के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात म्हणतं, व्हिडिओ कॉलला तीन-चार. आम्ही दोघं कॉलवर आणि सासूबाई टीव्हीवर, असं धरलं तरी तीसच्या वर जात नाही. १०० आमच्यासाठी भरपूर. त्यानं २०० दिले काय, ३०० दिले काय, मला फरक पडतो तो पिंग उड्या मारायला लागला की. मग समोरच्याला माझं निम्मं वाक्य ऐकू येतं. आणि अपलोड. जाहिरातीत डाउनलोडच ठळक असतं, मीटिंगमध्ये माझा चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडवरून.

मामा : मग तो पावतीवाला तरी हे सांगतो का?

मुक्ता : नाही. पण बिलावर नाव आहे, म्हणून भांडता येतं. तुझा केबलवाला मुळात नेट विकायला अधिकृत आहे का, इथूनच मला शंका आहे.

मामा : ती शंका रास्त आहे. नेट द्यायचे परवाने तीन तऱ्हेचे: 'ए' देशभर, 'बी' राज्यासारख्या एका सर्कलपुरता, 'सी' साधारण जिल्ह्याएवढ्या भागापुरता. लहान माणूस 'सी' घेऊन स्वतः धंदा करू शकतो. पण पुष्कळ केबलवाले परवान्याच्या फंदात पडत नाहीत, कुणाचे तरी फ्रँचायझी असतात. त्यात वावगं काही नाही. बीएसएनएलचं फायबरही आता किती तरी ठिकाणी स्थानिक भागीदारच घरात आणून देतात. तेव्हा त्याला एवढंच विचार, 'बिल कुणाच्या नावानं फाटतं?' परवानाधारक कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर असलेलं बिल आलं, तर वर विचारायला जागा राहते.

मुक्ता : म्हणजे पावती हवी!

मामा : नको कधी म्हणालो? पावतीनं नेट चालू होत नाही, एवढंच म्हणालो.

मुक्ता : होतं कधी कधी. तक्रार केली की डॉकेट नंबर मिळतो, काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. २०१२ च्या नियमावलीनं निकालाला मुदतसुद्धा घातली आहे.

मामा : किती?

मुक्ता : ३९ दिवस.

मामा : एकोणचाळीस दिवस! तोवर तू ऑफिसात काय सांगणार, अपील दाखल आहे? आणि ट्राय एकेकट्या गिऱ्हाइकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, हेही लक्षात ठेव. नियमाचा कागद कशाची हमी देतो ते बघ. सरकारच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे २००४ साली २५६ केबीपीएस, पुढं ५१२, आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. तू १०० चे पैसे भरणार, जाहिरातीत बारीक अक्षरात 'अप टू' लिहिलेलं. कागद खोटा नाही, पण तो खांबावर चढत नाही.

मुक्ता : आणि तुझा केबलवाला गावाला गेला की? त्याच्या बहिणीचं लग्न निघालं की? एका माणसावर सगळं टांगलं तर तो आजारी पडला की माझंही नेट आजारी. कंपनीत एक नाही तर दुसरा येतो. उशिरा येईल, पण येईल.

मामा : हे खरं आहे. त्याच्याकडे पोरं किती आहेत, हेही विचारायला हवं.

मुक्ता : आणि पैसे. तो सहा महिन्यांचे एकदम मागतो. कंपनीचं विक्रीचं पोरगंही तेच सांगतं: सहा महिन्यांचा प्लॅन घ्या, इन्स्टॉलेशन माफ, राउटर फुकट, वर ओटीटी. जाहिरातीत ४९९ दिसतात, १८ टक्के जीएसटी धरला की ५८८ रुपये ८२ पैसे होतात. सहा महिन्यांचे साडेतीन हजार. रक्कम मोठी नाही, पण ती भरली की पुढचे सहा महिने मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा.

मामा : इथं आपलं एकमत. नव्या जागी पहिला प्लॅन महिन्याचाच घ्यावा. इन्स्टॉलेशनचे हजार-पाचशे गेले तरी चालतील. आणि त्या फुकट राउटरचं काय? फुकट म्हणजे बहुधा वापरायला दिलेला. कनेक्शन सोडताना तो परत करायचा आणि परत केल्याची लेखी पोच घ्यायची.

मुक्ता : तू आणि लेखी पोच!

मामा : सरकारी नोकरीत चाळीस वर्षं काढली आहेत, पोच म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. बरं, भिंती कसल्या आहेत?

मुक्ता : म्हणजे? भिंतींसारख्या भिंती.

मामा : विटांच्या, ब्लॉकच्या की मिवानच्या?

मुक्ता : मिवान. बिल्डरनं माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलंय.

मामा : मग राउटर कुठं बसणार ते आजच ठरव. मिवानमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात, आत लोखंडाची जाळी. राउटर दाराशी, टीव्हीच्या कपाटात ठेवला, की मागच्या बेडरूममध्ये पाच गिगाहर्ट्झचं वायफाय पोचता पोचता मान टाकतं. २.४ गिगाहर्ट्झ थोडं जास्त आत शिरतं, पण ते संथ, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची त्यावर झुंबड. मग माणूस कंपनीला फोन करतो, 'नेट स्लो आहे.' कंपनी म्हणते, 'आमच्याकडून बरोबर आहे.' आणि दोघंही खरं बोलत असतात.

मुक्ता : म्हणजे निम्म्या तक्रारींत कंपनीची चूकच नसते.

मामा : निम्म्या की पाव, मोजलं नाही. पण म्हणूनच वायर लावून तपासायचं. वायरनं चांगलं आणि वायफायवर वाईट, तर दोष तुझ्या घरात. वायरनंही वाईट, तर बाहेर. आणि ओएनटीवरचे दिवे वाचायला शीक. 'लॉस' लिहिलेल्या जागी लाल दिवा लुकलुकायला लागला, तर उजेडच तुझ्यापर्यंत येत नाही: तार तुटली, उंदरानं कुरतडली किंवा कपाट सरकवताना कुणी ती काटकोनात दाबली. लाल नाही, पण 'पॉन'चा हिरवा थांबून थांबून लुकलुकतोय, तर उजेड येतोय पण पलीकडचं यंत्र तुझ्या डब्याला ओळखत नाही. फोनवर 'राउटर बंद करून चालू करा' सुरू झालं की त्याला सांग, 'लॉसचा लाल दिवा आहे, माणूस पाठवा.' निम्मी वादावादी वाचते.

मुक्ता : हे तू ओळखीशिवाय चालणारं ज्ञान देतोयस, लक्षात येतंय ना? दिवा लाल म्हणजे लाल. मग माणूस केबलवाला असो की कंपनीचा.

मामा : दिवा वाचता येणं निराळं आणि तो हिरवा करणारा माणूस मिळणं निराळं.

मुक्ता : मी तिसराही विचार केला होता. तार नकोच. फाइव्ह-जीवरचं एअरफायबर. २०२३ मध्ये आलं तेव्हा पहिल्या शहरांच्या यादीतच पुणं होतं. गच्चीवर किंवा बाल्कनीत एक डबा, खोदाई नाही, डक्ट नाही.

मामा : जिथं फायबर पोचलेलं नाही तिथं ते वरदान आहे. पण हवेतला टॉवर तुझ्या एकटीचा नसतो, भागातले सगळे मोबाइल त्याच टॉवरवर असतात. फायबर मिळत असेल तर पहिलं कनेक्शन फायबरचं आणि हवेवरचं हाताशी. उलट नको. दोन कनेक्शनं घेणारे लोक एक गोष्ट विसरतात. दोन कंपन्या निरनिराळ्या, बिलं निरनिराळी, पण दोन्ही तारा त्याच रस्त्याच्या त्याच चरातून आलेल्या. जेसीबीला कंपनी कळत नाही. एका दणक्यात दोन्ही जातात. म्हणून दुसरा मार्ग खरोखरच दुसरा हवा. तुझ्या फोनचा हॉटस्पॉटसुद्धा चालेल, पण त्याचं सिम वेगळ्या कंपनीचं असू दे.

मुक्ता : ठीक. म्हणजे मोठ्या कंपनीचं फायबर महिन्याच्या प्लॅनवर, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम. तुझा केबलवाला बाद.

मामा : कशावरून बाद? रात्री नऊचं मोजल्याशिवाय?

मुक्ता : कारण तो आमच्या इमारतीत वायर टाकूच शकत नाही, म्हणाला. बिल्डरच्या ऑफिसनं एकाच कंपनीला परवानगी दिली आहे. तारा वर नेणाऱ्या डक्टची चावी त्यांच्याकडे. बाकीच्यांना सिक्युरिटी गेटवरूनच परत पाठवते. केबलवाला म्हणतो, शेजारच्या गच्चीवरून वरच्या वर ओढून देतो.

मामा : वरून नको. बाविसाव्या मजल्याच्या उंचीवर लोंबणारी तार वळवाच्या पहिल्या वादळात जाईल. पण हे तू आत्ता सांगतेस? अर्धा तास तू मला प्लॅन वाचून दाखवतेस, निवड केली म्हणतेस. एकच दार उघडं असताना कसली निवड?

मुक्ता : कंपनी चांगली असली तर बिघडलं काय?

मामा : मुक्ता, मी त्या एकाच दाराच्या आतला माणूस आहे. ऐंशीच्या दशकात फोनसाठी लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असायचे. जास्त अनामत भरणाऱ्यांसाठी ओवायटी नावाची वेगळी रांग, तीही लांब. आमच्या खात्यात हुशार माणसं नव्हती का? होती. रात्री पावसात केबलचा जॉइंट शोधत फिरणारी होती. पण गिऱ्हाईक कुठं जाणार आहे, हा विचार एकदा खुर्चीत मुरला, की चांगल्या माणसाचाही हात जड होतो. एकट्या कंपनीचा तुझा अनुभव पहिले सहा महिने छान असेल. मग गिऱ्हाइकं वाढतील, लाइन तेवढीच राहील.

मुक्ता : हे तू माझ्या बाजूनं बोलतोयस की केबलवाल्याच्या?

मामा : तुझ्या. मला केबलवाला हवा तो त्याचं नाव माहीत आहे म्हणून, हे खरं. पण त्याची चांगली वागणूकसुद्धा दुसरा कुणी आहे म्हणूनच टिकते. शेजारच्या इमारतीत तो एकटाच असला, तर तिथल्या लोकांना विचार तो फोन उचलतो का.

मुक्ता : मोबाइलचं बघ ना. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. तेव्हापासून सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला कंपन्या स्वतःहून फोन करतात. ब्रॉडबँडला तसलं काही नाही, कारण प्रत्येकाची तार निराळी. नवी तार आत येऊ शकली तरच मी जुनी सोडू शकते. म्हणजे सोडून जायची सोय माझ्या करारात नाहीच, ती डक्टमध्ये आहे.

मामा : आता बोललीस!

मुक्ता : आणि यावर कागद आहे, मामा. ट्रायनं ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारे द्यायची नियमावली काढली आहे. अर्ज इमारतीच्या व्यवस्थापनानं करायचा असतो, जबरदस्ती नाही. पण नवे फ्लॅट विकायला काढलेल्या बिल्डरला तारे आवडतात. वीसेक फ्लॅटधारकांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा: डक्ट सगळ्या परवानाधारक कंपन्यांना सारख्याच अटींवर खुलं करा. एका कंपनीशी करार झाला असेल तर तो दाखवा. आणि सोसायटीची नोंदणी झाली की पहिल्याच सर्वसाधारण सभेत तसा ठराव.

मामा : अर्ज ठेवतील फायलीत. त्याआधी साइट मॅनेजरला जाऊन भेट. डक्टची चावी कागदोपत्री बिल्डरकडे असते, हातात असते ती त्याच्या इलेक्ट्रिशियनच्या. त्यांना विचार, अडचण पैशाची आहे की पसाऱ्याची. पुष्कळदा पसाऱ्याची असते. पाच कंपन्या पाच ठिकाणी ड्रिल मारतात, गुंडाळ्या तशाच लोंबत्या सोडून जातात. नीट ट्रे लावून, लेबल लावून काम करायचं कबूल केलं तर माणूस ऐकतो.

मुक्ता : तोंडी ऐकेल आणि पुढच्या महिन्यात बदलून जाईल. मग नव्याला पुन्हा पहिल्यापासून. मी सह्या गोळा करणार.

मामा : कर. पण अर्ज घेऊन जाशील तेव्हा त्याचं नाव माहीत असू दे.

मुक्ता : आणि पोच घेईन.

मामा : घे. तोवर?

मुक्ता : तोवर मोठ्या कंपनीचं, महिन्याच्या प्लॅनवर. डबा दारातल्या कपाटात नाही, मधल्या पॅसेजमध्ये. मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर फर्निचर व्हायच्या आधीच टाकून घेते. आणि तू केबलवाल्याशी बोल. बिल कुणाच्या नावानं फाटतं, हाताखाली पोरं किती, आणि सहाऐवजी एका महिन्याचे घेईल का.

मामा : घेईल. आणि डक्ट उघडलं, तर त्याचं घेशील?

मुक्ता : दोघांचं रात्री नऊचं बघेन. बरं असेल ते ठेवीन.

मामा : ठेव. पण दुसराही डक्टपर्यंत येऊन थांबलाय, हे पहिल्याला कळलेलं असू दे.